घरपट्टीचा हिशेब

फ्रिस्को, टेक्सास
२३ मार्च २०२५

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर मी वर्षाच्या कराचा आकडा सांगितला, तेव्हा तुम्ही क्षणभर गप्प राहिलात आणि मग "ही घरपट्टी आहे की घरभाडे?" असे विचारलेत. प्रश्न थट्टेचा होता, पण गेले तीन महिने मी त्याच प्रश्नाचा पाठपुरावा करीत आहे. ज्यांचे उभे आयुष्य नगरपालिकेच्या कर विभागात आकारणीची रजिस्टरे तपासण्यात गेले, त्यांना हा हिशेब फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगण्यात अर्थ नाही, म्हणून सविस्तर लिहितो. आईला एवढेच सांगा की घर ठरले आहे, स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी आहे आणि अंगणात पेकनचे मोठे झाड आहे.

पहिली गोष्ट अशी की येथे आकारणी भाड्यावर होत नाही. तुमच्याकडे वार्षिक भाडेमूल्य काढायचे, त्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा करायचे आणि उरलेल्या करपात्र मूल्यावर दर लावायचा, अशी रीत होती. येथे १ जानेवारी रोजी ते घर बाजारात किती किमतीला गेले असते, हा अंदाज कौंटीचे (म्हणजे येथील जिल्ह्याचे) अप्रेझल डिस्ट्रिक्ट दरवर्षी काढते. चार वर्षांनी एकदा होणारी फेरआकारणी येथे वर्षाच्या वर्षाला होते असे समजा. आकारणी करणारे हे कार्यालय स्वतः कोणताही दर ठरवीत नाही. दर ठरविणारी मंडळे निराळी आणि ती एकाहून अधिक असतात. तुमच्याकडच्या बिलावर संकलित कराबरोबर शिक्षण कर, रोजगार हमी कर, वृक्ष कर अशा ओळी असतात, तशाच येथेही असतात; फरक असा की येथे प्रत्येक ओळीमागे स्वतःचा कारभार असलेली वेगळी संस्था उभी असते आणि दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात ती आपापला दर जाहीर करते.

त्यामुळे "फ्रिस्कोचा कर किती?" या प्रश्नाला उत्तरच नाही, हे कळायलाच मला पहिला महिना लागला. हे एक शहर दोन कौंट्यांत पसरलेले आहे, पूर्वेकडचा भाग कॉलिन कौंटीत आणि पश्चिमेकडचा डेंटन कौंटीत, आणि शहराच्या हद्दीत चार वेगवेगळ्या शाळा जिल्ह्यांचे, म्हणजे सरकारी शाळा चालविणाऱ्या स्वतंत्र संस्थांच्या हद्दींचे, तुकडे येतात. आम्ही घेत आहोत ते घर कॉलिनच्या बाजूला आहे. त्याच्या २०२४ च्या दरांची बेरीज दर शंभर डॉलरमागे अशी होते: शहर सुमारे ०.४३, कौंटी ०.१५, कॉलिन कॉलेज ०.०८ आणि फ्रिस्को शाळा जिल्हा १.०३, एकूण १.६९. डेंटनच्या बाजूला कॉलेजचा कर नाही, पण कौंटीचा दर ०.१९ आहे. शाळा जिल्हा बदलला तर मात्र बेरजेत चांगलाच फरक पडतो, कारण निम्म्याहून अधिक रक्कम शाळांकडेच जाते. टेक्सास राज्य पगारावर प्राप्तिकर घेत नाही, तेव्हा शाळा चालवायला बराचसा पैसा घरांतूनच काढावा लागतो. येथे प्राप्तिकर नाही म्हणून आनंदाने आलेल्या प्रत्येक माणसाला हा दुसरा अर्धा भाग घर घेताना समजतो, आणि मीही त्याला अपवाद नव्हतो.

आता ज्या दोन घरांत आम्ही अडकून पडलो होतो, त्यांच्याविषयी लिहितो.

पहिले घर उत्तरेला, शहराच्या हद्दीबाहेर, अगदी नवे होते. किंमत ५,२५,००० डॉलर. विक्रीच्या जाहिरातीत गेल्या वर्षीचा कर २,३९० डॉलर दाखविला होता आणि तो पाहून सूनबाई खूश झाल्या होत्या. दुसरे घर १९९८ साली बांधलेले, किंमत ५,५०,००० डॉलर, आणि जाहिरातीतला कर सुमारे ४,९०० डॉलर. वरवर पाहता नवे घर किमतीतही स्वस्त आणि करातही निम्म्याने कमी. परंतु हे दोन्ही आकडे, खोटे नसूनही, आमच्या काही उपयोगाचे नव्हते.

नव्या घराच्या बाबतीत मी अप्रेझल डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावर पत्ता टाकून त्या मिळकतीचा उतारा उघडला. त्यात जमिनीचे मूल्य १,००,००० डॉलर लिहिले होते आणि इमारतीच्या रकान्यात शून्य होते. गेल्या वर्षीच्या १ जानेवारीला तेथे घर नव्हतेच, नुसता प्लॉट होता. म्हणजे २,३९० हा मोकळ्या जागेचा कर होता. माझ्या एका सहकाऱ्याने अशाच आकड्यावर विसंबून घर घेतले. येथे बँक कर्जाच्या हप्त्याबरोबरच कराची रक्कमही दरमहा एस्क्रो खात्यात जमा करून घेते. त्याचा हप्ता जमिनीच्या करावर बेतलेला होता, आणि दुसऱ्या वर्षी पुऱ्या घराचे बिल आले तेव्हा मागची तूट आणि पुढची वाढ एकदमच अंगावर आली.

त्याच उताऱ्यावर कर घेणाऱ्या संस्थांची यादी होती आणि तिच्यात एक ओळ अशी होती जी शहरातल्या घराच्या उताऱ्यावर नव्हती: म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट. येथे सगळे त्याला आद्याक्षरांवरून नुसते "मड", म्हणजे चिखल, म्हणतात, आणि नाव काही अगदीच चुकीचे नाही. शहराबाहेरच्या माळावर वसाहत उभी करायची तर पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या वाहिन्या आणि पावसाच्या पाण्याचा निचरा यांसाठी ही संस्था रोखे काढते आणि ते कर्ज तेथे राहायला येणाऱ्यांच्या करातून पुढे कित्येक वर्षे फिटत राहते. त्या वसाहतीचा हा दर ०.९५ होता. शहराचा कर वाचला, पण त्याच्या दुपटीहून अधिक रक्कम येथे गेली. शिवाय तेथील शाळा जिल्ह्याचा दर १.२५. कर्ज फिटत जाते आणि घरे वाढतात तसा हा दर सहसा खाली येतो, हेही मला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण तो केव्हा आणि किती खाली येईल याच्या भरवशावर मी तीस वर्षांचे कर्ज काढू शकत नव्हतो.

जुन्या घराची गंमत याच्या उलट. तेथील मालक दांपत्य सत्तरीपुढचे आहे आणि बरीच वर्षे त्याच घरात राहिलेले आहे. टेक्सासात स्वतः राहत्या घराचे करपात्र मूल्य वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढविता येत नाही, आणि मालकाने पासष्टी ओलांडली की शाळेचा कर त्या रकमेवर गोठविला जातो. मधल्या वर्षांत येथील घरांच्या किमती भराभर वाढल्या, पण त्यांचे बिल मागेच राहिले. घर विकले की पुढच्या १ जानेवारीला दहा टक्क्यांचे छत्र उडते आणि मूल्य बाजारभावावर जाते. वयाची सवलत तर त्यांच्याबरोबरच जाणार. (तुम्ही आणि आई येथे येऊन राहिलात तरी ती आम्हाला मिळणार नाही. पासष्टी मालकाची लागते, मालकाच्या वडिलांची नाही. चौकशी करून झाली आहे.)

म्हणून मी दोन्ही जाहिरातींतले आकडे खोडले आणि आम्ही स्वतः तेथे राहतो आहोत असे धरून नव्याने हिशेब मांडला. २०२४ च्या नियमाप्रमाणे राहत्या घराला शाळेच्या करासाठी करपात्र मूल्यातून १,००,००० डॉलरची सूट होती. ती १,४०,००० करण्याचे विधेयक या मार्चमध्ये (२०२५) ऑस्टिनला विधानमंडळापुढे आहे, पण हातात नसलेला पैसा मी धरलेला नाही.

नवे घर: शाळा ४,२५,००० वर १.२५ दराने ५,३१२, कौंटी ०.१९ दराने ९९८, मड ४,९८८. एकूण सुमारे ११,३०० डॉलर.

जुने घर: शाळा ४,५०,००० वर १.०३ दराने ४,६३५, शहर २,३६५, कौंटी ८२५, कॉलेज ४४०. एकूण ८,२६५ डॉलर.

शाळेखेरीज इतर संस्था आपापल्या मर्जीने राहत्या घराला जी सूट देतात, ती मी दोन्हीकडे सोडून दिली आहे, त्यामुळे जुन्या घराचा खरा आकडा आणखी थोडा खाली येईल. वर्षाला तीन हजारांहून अधिक फरक म्हणजे महिन्याला सुमारे २५३ डॉलर. जुन्या घरासाठी जे पंचवीस हजार जास्त मोजावे लागतात, त्याचा पावणेसात टक्के व्याजाने तीस वर्षांचा हप्ता महिना १६२ पडतो. म्हणजे महागडे घर दरमहा नव्वद डॉलरने स्वस्त पडते, आणि हप्ता एक दिवस संपतो, कर संपत नाही. ८,२६५ डॉलर म्हणजे आपले सात लाख रुपये, हे मला ठाऊक आहे. तो आकडा आईपुढे काढू नका.

तुम्ही विचारलेत की एडिसनला आत्याच्या मुलाच्या बिलावर तर पाचाच्या वरचा दर आहे, मग त्याचे कसे भागते? न्यू जर्सीचा छापील दर येथील दराशी ताडून पाहता येत नाही. तेथे कित्येक गावांनी दशकानुदशके फेरआकारणी केलेली नसते, त्यामुळे मूल्य जुने आणि दर फुगलेला. जर्सी सिटीने १९८८ नंतर थेट २०१८ साली फेरआकारणी केली. अशा ठिकाणी बिलाच्या रकमेला घराच्या आजच्या बाजारभावाने भागून टक्केवारी काढावी लागते, तीच खरी. भाडेमूल्य जुने राहिले की दर वाढवून भरपाई करावी लागते, हे तुम्हीच मला एकदा समजावले होते. तरीही त्या राज्यात सरासरी बिल २०२४ साली दहा हजार डॉलरच्या पुढे गेले आहे आणि प्राप्तिकर वेगळा, तेव्हा त्याच्यापुढे मी तक्रार करीत नाही.

आणखी एक गोष्ट तुम्हाला आवडेल. संस्था दर जाहीर करताना "आम्ही दर कमी केला" असे सांगतात, पण मूल्ये वाढलेली असली तर दर कमी होऊनही बिल वाढू शकते. म्हणून गेल्या वर्षीच्याच मिळकतींवर तेवढीच रक्कम गोळा करायला किती दर पुरला असता, हेही कायद्याने त्यांना जाहीर करावे लागते. हा आकडा आपल्याकडच्या सर्वसाधारण सभेत कोणी मागितला असता तर काय झाले असते, याची कल्पना करून मी एकटाच हसलो.

बिल ऑक्टोबर-नोव्हेंबरात येते आणि ३१ जानेवारीपर्यंत भरावे लागते. १ फेब्रुवारीला दंड व व्याज मिळून सात टक्के चढतात. तुमच्या काळातल्या मार्चअखेरच्या वसुलीसारखी दारात माणसे येत नाहीत. राहत्या घराच्या सवलतीचा अर्ज मात्र आपणच करावा लागतो. तो मोफत आहे, पण तो भरून देण्याचे पैसे मागणारी पत्रे नव्या मालकाला येतात असे शेजाऱ्यांनी बजावले आहे.

शेवटी तुमच्या अनुभवाचे काम. पुढच्या वर्षीच्या एप्रिलमध्ये नव्या मूल्याची नोटीस येईल आणि १५ मेपर्यंत हरकत घेता येते. आम्ही दिलेल्या किमतीपेक्षा मूल्य जास्त धरले गेले तर मला समितीपुढे बोलावे लागेल. परवा घराची तपासणी झाली, तेव्हा स्वयंपाकघराच्या दारावर, चौकटीच्या कोपऱ्यातून छताकडे तिरका गेलेला एक तडा दिसला. माझी करंगळी अडकेल एवढा रुंद. तपासनीस म्हणाला की या भागात जमीनच तशी आहे, काळी, पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी. मी त्याला सांगितले की अशा मातीतच मी लहानाचा मोठा झालो. तड्याचे फोटो मी फूटपट्टी लावून काढले आहेत आणि पाया दुरुस्त करणाऱ्या दोघांकडून खर्चाचे अंदाज मागविले आहेत. हरकतीच्या सुनावण्यांत तुम्ही कशाला वजन देत होता, फोटोंना, दुरुस्तीच्या अंदाजाला, की शेजारच्या घरांच्या आकारणीच्या उताऱ्यांना, ते सवडीने लिहून कळवा. वरचा हिशेबही एकदा लाल पेनाने तपासा.

आईस साष्टांग नमस्कार. वहिनीस नमस्कार व मुलांना आशीर्वाद.

तुमचा
धाकटा