‘रिपोर्ट नॉर्मल’ म्हटल्यावर पेशंटने जायचे कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत थंडीतल्या सांधेदुखीवर लेख आला होता. लेख चांगला होता. गुडघा, कंबर, मान, युरिक ॲसिड, सगळे त्यात होते. पण ज्यांचे सबंध अंग दुखते आणि रक्ततपासणीत, एक्स-रेत, एमआरआयत काहीच सापडत नाही, अशा आम्हा लोकांसाठी त्यात एक ओळही नव्हती. म्हणून हे पत्र.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे आणि मला फायब्रोमायल्जिया, म्हणजे सबंध अंग सतत दुखत राहण्याचा हा आजार आहे. रात्रभर झोपूनही सकाळी झोप झाल्यासारखे वाटत नाही. दुखणे आज खांद्यात, उद्या मांडीत, परवा जबड्यात. बांगडी मनगटावर घट्ट सरकली तरी कळ येते. मधली सुट्टी झाली की फळ्यावर वर लिहायला हात उचलत नसे, म्हणून मी खालच्या अर्ध्या फळ्यावरच लिहायची आणि मागच्या रांगेतली पोरे उभी राहून उतरवून घ्यायची. सातचा पाढा म्हणून घेताना बाईच मध्ये अडकल्या, हेही वर्गाने पाहिले आहे. डोक्यात असे धुके साचणे हा याच आजाराचा भाग आहे, हे मला फार उशिरा समजले.

डॉक्टर पुष्कळ झाले. कुणी कॅल्शियम दिले, कुणी ड जीवनसत्त्वाची पावडर, कुणी बी-ट्वेल्व्हची इंजेक्शने. कमतरता असेल तर ती भरून काढायलाच हवी. थायरॉइडही तपासायलाच हवा, कारण तो बिघडला तरी अंग दुखते. माझी तक्रार तपासण्यांबद्दल नाही, त्यानंतरच्या वाक्याबद्दल आहे. ‘ताई, रिपोर्ट नॉर्मल आहेत, टेन्शन घेऊ नका.’ हे वाक्य पेशंटच्या आधी घरी पोचते. मग सासूबाई काही बोलत नाहीत, पण आल्यागेल्याला ‘डॉक्टर म्हणाले काही नाही’ एवढे आवर्जून सांगतात.

शेवटी शहरातल्या एका संधिवाततज्ज्ञांकडे गेले. त्यांनी फाइल बाजूला ठेवली आणि माणसाची बाह्याकृती छापलेला कागद पुढे केला. गेल्या आठवड्यात जिथे जिथे दुखले तिथे पेनाने रंगवा म्हणाले. कागदावर कोरी जागा थोडीच उरली. मग झोप, थकवा, विसरभोळेपणा यांबद्दल विचारले. निदानाची पद्धत ती एवढीच. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी या तिथल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने 1990 मध्ये अंगावरचे 18 बिंदू ठरवले होते, त्यांपैकी 11 ठिकाणी दाबून दुखले तर हा आजार म्हणत. 2010 मध्ये तो नियम बदलला. आता शरीराचे 19 भाग, त्यांपैकी किती दुखतात, सोबत थकवा आणि झोपेची तक्रार किती, आणि हे सगळे तीन महिने टिकले आहे का, ते पाहतात. यासाठी कुठलेही मशीन लागत नाही. तालुक्याच्या डॉक्टरांनाही हे जमण्यासारखे आहे, म्हणून तर राग येतो.

आजार होतो कशाने, तेही त्यांनी समजावले. राखणीचा कुत्रा चोर आला तर भुंकतो, ते ठीकच. पण पान हलले तरी रात्रभर भुंकत राहिला तर घरात झोप कुणाला लागणार? मेंदू आणि मज्जारज्जूतली वेदनेची यंत्रणा अशी झाली आहे. सांधे झिजत नाहीत, स्नायू सडत नाहीत, म्हणून रिपोर्टात काही दिसत नाही. दुखणे मात्र खरे असते. कॅनडातल्या टोरंटोचे संशोधक मोल्डोफ्स्की यांनी 1975 मध्ये धडधाकट माणसांची गाढ झोप मोडून पाहिली, तर त्यांचेही अंग दुखू लागले. माझ्या उपचाराची सुरुवातही झोपेपासूनच झाली.

रात्री ॲमिट्रिप्टिलिनची 10 मिलिग्रॅमची गोळी. जुनी, स्वस्त गोळी. आमच्या ह्यांनी मेडिकलवाल्याला विचारले, तर तो म्हणाला ही डिप्रेशनची. घरात दोन दिवस शांतता. डिप्रेशनसाठी ती बऱ्याच मोठ्या डोसमध्ये देतात, एवढ्याशा डोसात ती झोपेसाठी आणि वेदना बोथट करण्यासाठी असते, हे डॉक्टरांनी ह्यांना समोर बसवून सांगितले तेव्हा विषय मिटला. तोंडाला कोरड पडते, सुरुवातीला सकाळी सुस्ती येते. काचबिंदू किंवा हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असेल त्यांना ती चालत नाही, तेव्हा हे वाचून कुणी परस्पर आणू नये. काहींना प्रेगाबालिन किंवा ड्युलोक्सेटिन लागू पडते. अमेरिकेने प्रेगाबालिनला 2007 मध्ये, ड्युलोक्सेटिनला 2008 मध्ये आणि मिल्नासिप्रानला 2009 मध्ये या आजारासाठी परवानगी दिली. युरोपच्या औषध नियामकांनी तिन्हींना नकार दिला. यावरून ओळखावे की रामबाण असे यात काही नाही. एरवी आपण सर्रास घेतो त्या दुखण्याच्या गोळ्या यात फारशा कामाच्या नाहीत, आणि स्टिरॉइडचे इंजेक्शनही नाही. ती इंजेक्शने आमच्या भागात किती सहज टोचली जातात, हे वेगळे सांगायला नको.

खरा फरक पडला तो व्यायामाने, आणि हे सांगितले की बायका माझ्याकडे रागानेच बघतात. अंग ठणकत असताना चालायचे कसे? मलाही तसेच वाटले होते. पण युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने 2016 मध्ये सगळे उपचार तपासून पाहिले, त्यात ज्याची ठामपणे शिफारस केली तो उपचार व्यायाम हा एकटाच. गोम आहे ती बेताने वाढवण्यात. आधी शाळेच्या मैदानाला एकच फेरी. दुखले तरी तेवढीच, बरे वाटले तरी तेवढीच. दुसरा भाग जास्त अवघड. आमची बायकांची रीत अशी, की एक दिवस अंग हलके वाटले की गोधड्या धुवायला काढायच्या, माळा झाडायचा, आणि पुढचे तीन दिवस आडवे पडायचे. फिजिओथेरपिस्ट ताईंनी ही रीत मोडायला लावली. आता मी रोज ठरलेले चालते, थोडे ताणाचे व्यायाम करते आणि गोधड्या एकेक करून धुते. दुखणे गेलेले नाही, अर्ध्यावर आले आहे. हात वरच्या फळ्यापर्यंत जातो.

हे दुखणे शहरी, चोचल्याचे आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी भिगवणचे काम पाहावे. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 पासून त्या गावात घरोघर जाऊन हाडा-स्नायूंच्या दुखण्यांची पाहणी केली. ठरावीक संधिवातात न बसणारी दुखणी घेऊन कामाला जाणारी माणसे त्यांना तिथे मोठ्या संख्येने आढळली. खेड्यात दुखणे आहेच; त्याला नाव देणारे कुणी नाही.

आणि नाव नसले की काय होते ते सांगते. परिवर्तित रजेसाठी मला वैद्यकीय प्रमाणपत्र हवे होते. आजाराच्या रकान्यात गावच्या डॉक्टरांनी लिहिले ‘अशक्तपणा’. कार्यालयात मला विचारले, ‘बाई, अशक्तपणाला एवढी रजा?’ 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत हा आजार नाही, आणि तो असावा असा माझा हट्टही नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात जे नाव आहे, ते डॉक्टरांनी प्रमाणपत्रावर लिहावे. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात फिजिओथेरपिस्टचे पद असेल तर ते भरलेले असावे. मला त्यासाठी एसटीने शहर गाठावे लागते, आणि त्या हादऱ्यांनी व्यायामाचा निम्मा फायदा परतीच्या वाटेवर सांडतो.

एक गोष्ट आपल्यासाठीही. ज्या अंकात तो लेख होता, त्याच अंकात आतल्या पानावर ‘सर्व प्रकारच्या वातावर सात दिवसांत गॅरंटी’ अशी तेलाची जाहिरात होती. 1954 च्या औषधे व जादुई उपचार कायद्याने ज्या आजारांवर बरे करण्याची जाहिरात करायला मनाई आहे, त्या यादीत संधिवात आहे. आमच्यासारखी माणसेच या तेलांची ठरलेली गिऱ्हाइके असतात, कारण दवाखान्यातून ती ‘काही नाही’ ऐकून आलेली असतात. तेव्हा एखाद्या रविवारी पुरवणीचे एक पान या आजाराला द्यावे, त्यात संधिवाततज्ज्ञांबरोबर फिजिओथेरपिस्टलाही लिहायला सांगावे, आणि त्या अंकात तरी तेल छापू नये, ही विनंती.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका, जि. सातारा