मनू, ऐकणारा अकरा वर्षांचा आहे

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास तो रागानेच, हे मला कळलं. "आई, गेमवर अठरा लिहिलेलं असतं, पुढचं काम दादा-वहिनीचं," एवढं बोलून विषय संपवलास. समोरासमोर मला सुचत नाही, म्हणून लिहिते आहे. गेमसाठी आवाज बनवायची ती नोकरी सोड असं सांगायला लिहीत नाही, हे आधीच सांगून ठेवते. तुला ही नोकरी लागली तेव्हा मावशीला पहिला फोन मीच केला होता. "बंदुकांचे आवाज करते म्हणजे नक्की काय करते?" असं तिने विचारल्यावर मी तुझ्याकडून ऐकलेलं सगळं तिला ऐकवलं: खरी बंदूक मोकळ्यावर नेऊन झाडतात, एक माईक नळीजवळ, एक मागे, काही पार लांब, आणि मग ते सगळे आवाज एकावर एक चढवून एक बार तयार होतो. तिला काही उमगलं नाही. मला मात्र सांगताना फार बरं वाटत होतं.

पण दादाचा ओम अकरा वर्षांचा आहे, मनू.

परवा माझ्या शेजारी बसून खेळत होता. तुमचा गेम नव्हे, दुसराच कुठला तरी. धडधडाट चालू होता आणि त्यातून मधूनच एक बारीक आवाज यायचा, टिक्, टिक्. मी विचारलं, हा कसला रे? म्हणाला, "आजी, टिक् झालं की गोळी लागली. जाड टिक् झालं की मेला." मान वर केली नाही. स्वतः मेला तेव्हाही नाही. चार-पाच सेकंदांत परत उभा राहिला आणि धावायला लागला. वर मला सांगतो, "आत्या हेच बनवते." शाळेतही सांगितलंय म्हणे सगळ्यांना.

तेव्हापासून ती टिक् माझ्या डोक्यातून जात नाही. खऱ्या लढाईत लांबच्या माणसाला गोळी लागली की नाही, हे झाडणाऱ्याला कोणी टिक् करून कळवत नाही. ती कोणीतरी खोलीत बसून, दहा आवाज करून, नऊ टाकून देऊन निवडलेली असते. कानाला गोड लागावी, पुन्हा ऐकावीशी वाटावी म्हणून. बार खरा वाटावा यासाठी तुम्ही एवढं जिवाचं रान करता, आणि लागल्याचा आवाज मात्र बक्षिसासारखा. बाराबद्दल माझी तक्रार नाहीच. तक्रार आहे ती त्या टिक्-बद्दल.

तू पाठवलेलं मी सगळं वाचलं. ऑक्सफर्डच्या २०१९ च्या अभ्यासात हिंसक गेम आणि किशोरवयीन मुलांचा आक्रमकपणा यांचा संबंध सापडला नाही, हे वाचलं. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये सांगितलं की खऱ्या हिंसाचाराचं खापर गेमवर फोडायला पुरेसा पुरावा नाही, हेही वाचलं. त्यांनीच पुढे ओरडणं, ढकलणं असल्या वागण्याशी थोडा संबंध दिसतो असं म्हटलंय, ती ओळ तू पाठवली नव्हतीस. असो. ओम उद्या कोणाला मारत सुटेल अशी भीती मला नाही. तो अजून झुरळाला घाबरतो. त्याच्या हातून काय होईल यापेक्षा त्याला काय गोड वाटायला लागेल, याचा मी विचार करते आहे.

आणि तो अठराचा शिक्का. गेमवर वयाचा शिक्का मारणारी अमेरिकेतली ईएसआरबी १९९४ पासून आहे, युरोपातली पेगी २००३ पासून, हे आता मलाही पाठ झालंय. एकीकडे एम म्हणजे १७ च्या पुढे, दुसरीकडे सरळ १८. पण अमेरिकेत मुलांना असले गेम विकायला बंदी करणारा कॅलिफोर्नियाचा कायदा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये रद्द केला. म्हणजे तिथे शिक्का ही धंद्याने आपण होऊन पाळायची शिस्त. इथे आपल्या घरात तो शिक्का कुठे आडवा आला? खातं उघडताना ओमने जन्मसाल टाकलंय ते दादाचं!

शिवाय शिक्का नेमकं काय बघतो? अमेरिकेच्या सैन्याने स्वतःच २००२ मध्ये एक गेम काढला होता, अमेरिकाज आर्मी नावाचा, फुकट, तरुणांना भरतीकडे ओढायला. वीस वर्षं चालवला. दोन संघ एकमेकांशी लढायचे, पण प्रत्येकाला आपण अमेरिकन सैनिक आणि समोरचा शत्रू असंच दिसायचं. शत्रू होऊन खेळावं असं कोणालाच वाटायला नको. रक्त जवळजवळ नाही. त्यामुळे शिक्का टी, तेरा वर्षांपासून पुढे. मला विचारशील तर रक्त न दिसणं हे जास्त वाईट. पण शिक्का देणारे मला विचारत नाहीत.

बघ, पुन्हा भाषण सुरू झालं. यातलं सगळं तुला माझ्याहून जास्त माहीत आहे. तू रोज तेच काम करतेस आणि मी लेख वाचून तुला शिकवते आहे, रागावू नकोस.

लहानपणी तू मोठ्या आवाजाला किती घाबरायचीस! कान दाबून टेबलाखाली जाऊन बसायचीस. मग बाबांनी तो टेपरेकॉर्डर हातात दिला आणि म्हणाले, ज्याची भीती वाटते ते पकडून ठेव. झालं, घरातलं काही सोडलं नाहीस. बिजागरी, शिवणयंत्र, वीज कडाडताना खिडकीची थरथरणारी काच, बाबांचा खोकला. ती कॅसेट दादाकडे आहे. मी ऐकलेली नाही.

कॉलेजात असताना मला बळेच बसवून एक गेम दाखवला होतास, आठवतं? बॅटलफील्ड १, पहिल्या महायुद्धाचा. सुरुवातीलाच सैनिक होऊन लढायचं आणि मरायचंच. मेलो की पडद्यावर एक नाव आणि जन्म-मृत्यूची सालं यायची, मग दुसऱ्या सैनिकात शिरून पुन्हा तेच. तू म्हणालीस, "आई, आता आवाज कसा खाली गेला ते ऐक." मी ऐकलं. रडलेसुद्धा, तुला दिसू दिलं नाही. त्या गेमवरही शिक्का अठराचाच होता. म्हणून म्हणते, शिक्का एकच असला तरी आत बसून आवाज निवडणारं माणूस वेगळं असू शकतं. ते माणूस तू असशील तर मला पाहिजेच आहे.

इकडचं सांगते. वहिनीने अनोळखी लोकांशी बोलायचं ते व्हॉइस चॅट बंद केलं. गोळ्यांपेक्षा त्या शिव्याच जास्त घाणेरड्या होत्या. वयाचं सेटिंग दादा करणार आहे, करेल तेव्हा खरं. तोवर खेळायचं ते बाहेरच्या खोलीत, हेडफोन न लावता. मी शेजारी बसते आणि विचारत राहते: हा कोण, याला का मारलंस, या घरातली माणसं कुठे गेली? एकदा म्हणाला, "आजी, घरं रिकामीच असतात." मी म्हटलं, गावं रिकामी कशी असतील? त्याने खरंच थांबून खिडकीतून आत डोकावून पाहिलं. तेवढ्यात मेला आणि माझ्यावर चिडला.

तुझ्याकडे एकच मागते. तुमचा गेम ओमच्या हातात पडणार, त्याच्यासारख्या कितीतरी मुलांच्या पडणार, हे तुलाही माहीत आहे आणि तुमच्या साहेबांनाही. ती टिक् निवडायची वेळ तुझ्यावर आली तर अठरा वर्षांचा ऐकतोय असं धरू नकोस. अकरा धर. कमी गोड निवड. वरच्यांनी ऐकलं नाही तर नाही, पण तू एकदा म्हणून बघ.

आणि गेमच्या शेवटी नावं येतात त्यात तुझं आलं की फोटो पाठव, आडनावासकट दिसेल असा. मावशीला दाखवायचा आहे. ओमला आत्ताच पाठवू नकोस. त्याला तू गेम उघडायचा कोड देणार म्हणाली होतीस, तो तू देणार नाहीस हे दादाला तूच सांग. मला मध्ये घालू नकोस.

तुझी
आई