यादीतली दोन नावं

नागपूर, डिसेंबर 2025

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबा दोन वाक्यांत "घे, आईशी बोल" म्हणून मोकळे होतात, म्हणून लिहायला बसले.

बाबा, पुण्यात तुम्ही अजून सगळ्यांना "मुलगी टीव्हीत आहे" असंच सांगता म्हणे. अकरा वर्षं झाली ते सोडून, आता उमेदवारांच्या प्रचाराचं काम करते! केबलवरच्या आमच्या बातम्या तुम्ही रोज साडेसातला लावायचे. आई बातमी कुठली ऐकते, ती माझी साडी बघायची. चांगले दिवस होते. विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनात दिवसभर मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला उभं राहायचं. अडवलेल्या मोर्चातल्या बायका रस्त्यावरच बसकण मारून माझ्या माइकसमोर जे बोलायच्या, ते कुठल्या वर्गात शिकायला मिळालं नसतं. तान्ह्या पोळ्याला काळ्या-पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघाली की मी सोबतच्या बडग्यांवरच्या, म्हणजे टोमणे मारणाऱ्या पुतळ्यांवरच्या, पाट्या वहीत उतरवून घ्यायची. आजही घेते. शहर कशावर चिडलंय ते सर्व्हेच्या आधी बडग्यावर लिहिलेलं असतं. उमेदवाराला हे सांगितलं की तो हसतो, आणि मग फी कमी करायला बघतो.

मार्च 2013 ची मुदत संपली नि सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला. आधी केबलवाल्याने तार जोडली की आमचं चॅनल घरात दिसायचं. नंतर कंपनीच्या यादीत जागा मिळवा, तिचे पैसे मोजा, हे सुरू झालं. आमचा नंबर इतका मागे गेला की आमच्याच लोकांना सापडेना. तीन महिने पगार थकला होता, ते तेव्हा तुम्हाला सांगितलं नाही. 2014 च्या विधानसभेला एका उमेदवाराने भाषणांचे व्हिडिओ कापायला बोलावलं, ती तिथलीच झाले.

"पैसे घेऊन खोटं बोलायचं का?" असं तुम्ही विचारलं होतं, मी चिडले होते. काम बहुतेक हिशेबाचं असतं, बाबा. मागच्या निवडणुकीचे केंद्रनिहाय आकडे घेऊन बसायचं, कुठली गल्ली आपली, कुठली काठावर ते बघायचं, प्रचार थांबल्यावर मतदारांच्या चिठ्ठ्या घरोघरी गेल्या की नाही ते पाहायचं. पण एकदा बातमीसारखी दिसणारी जाहिरात मीच लिहून दिली, जुन्याच सहकाऱ्यांच्या हातात. लाज वाटली. पैसे मात्र घेतले.

आता महापालिकेची निवडणूक, 2017 नंतर थेट. परवा आपल्याच प्रभागाची मतदार यादी हातात आली. पोरं दारोदार फिरून शेरे मारून आणतात: हजर, मयत, स्थलांतरित. रात्री तपासताना आपला घर क्रमांक दिसला. तुमच्या दोघांच्या नावापुढे पेन्सिलीने 'स्थलां.' पोराचं काही चुकलं नाही. दाराला कुलूप होतं, शेजारच्या काकूंनी "मुलाकडे गेले पुण्याला" म्हणून सांगितलं. आईच्या गुडघ्यापुरतं गेला होतात ना? दोन वर्षं झाली.

माणूस राहतो तिथे नाव हवं, हे मी लोकांना सांगत फिरते. पत्ता बदलायचा फॉर्म 8 भरला की नाव पुण्याला जातं, दहा मिनिटांचं काम. तुमचा भरायला अजून हात होत नाही. रविवारी घर उघडून झाडलं, नळ सोडून बघितले. स्वयंपाकघरातला गळतोय, प्लंबरला बोलावलंय.

आई, गुडघ्याचं डॉक्टर काय म्हणाले ते कळव. आणि बाबा, फॉर्म भरून देऊ की नको, ते फोनवर तुम्ही स्वतः सांगा. आईकडे देऊ नका.

तुमची लेक