साथ उशिरा पोहोचते, पण पोहोचते

चि. कन्येस अनेक उत्तम आशीर्वाद.

साथरोगांच्या अभ्यासाला लागल्यापासून "साथ ही शहरांची, खेडी त्यातून वाचतात" हे वाक्य तुला वारंवार ऐकू येते, असे तू मागच्या पत्रात लिहिलेस आणि इतिहासाचे यावर काय म्हणणे आहे, असे मला विचारलेस. माझे आयुष्य इतिहास शिकवण्यात गेले, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर सावकाश आणि पुरेशा पुराव्यानिशी द्यावे असे वाटले. रोग खेड्यात उशिरा पोहोचतो, हे खरे आहे. उशिरा पोहोचलेला रोग सौम्य असतो, हे मात्र कोणत्याही काळाबद्दल सरसकट म्हणता येणार नाही.

प्लेगपासून सुरुवात करते. १६६५ साली लंडनमध्ये प्लेग पसरला तेव्हा राजा, दरबार आणि ज्यांना परवडत होते असे सर्व लोक शहर सोडून गेले. मागे राहिलेल्यांपैकी ६८ हजारांहून अधिक माणसे प्लेगने गेल्याची नोंद त्या वर्षीच्या मृत्यूंच्या छापील याद्यांत आहे आणि खरी संख्या याहून बरीच मोठी असावी. त्याच वर्षी इंग्लंडच्या डर्बिशायर परगण्यातील ईम या लहानशा गावात लंडनहून कापड आले आणि त्याबरोबर रोगही आला, असे सांगितले जाते. धर्मोपदेशक विल्यम मॉम्पेसन यांच्या सांगण्यावरून गावकऱ्यांनी स्वतःला गावातच कोंडून घेतले, जेणेकरून रोग शेजारच्या गावांत जाऊ नये. सुमारे २६० माणसे मेली, त्यांत मॉम्पेसन यांची पत्नीही होती. या त्यागाचा गौरव सर्वत्र होतो आणि तो योग्यच आहे. पण मॉम्पेसन यांनी आपली मुले आधीच बाहेर पाठवली होती आणि सोय असलेली काही घरेही निघून गेली होती, हे विसरू नये. कोंडून राहण्याचा भार खेड्यातही सर्वांच्या वाट्याला सारखा आला नाही.

१८९६ च्या मुंबईतील प्लेगची गोष्ट वेगळी आहे आणि तुझ्या प्रश्नाच्या दृष्टीने ती मला अधिक मोलाची वाटते. सप्टेंबरमध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी रोग ओळखला आणि पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक रेल्वेने व बोटींनी शहराबाहेर पडले. त्यांच्या सामानासुमानाबरोबर रोगही प्रवासाला निघाला. १८९७ चा साथरोग कायदा, स्थानकांवरील तपासण्या आणि घरोघरी शिरून होणारी झडती यांतले काहीही त्याला रोखू शकले नाही. तरीही अनेक खेड्यांतील लोकांनी एक शहाणपणाची गोष्ट अनुभवाने साधली. घरात उंदीर मरून पडू लागले की ते गाव रिकामे करून माळावर किंवा शेतात झोपड्या बांधून राहत. उंदरावरील पिसवा रोग वाहून नेतात हे फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमों यांनी कराचीत दाखवून दिले ते १८९८ साली, आणि सर्वांनी ते मान्य करायला आणखी काही वर्षे गेली. खेड्यातल्या माणसांना पिसवेचे कारण ठाऊक नव्हते, पण उपाय ठाऊक होता आणि तो करायला मोकळी जागाही होती. चाळीतल्या अंधाऱ्या खोलीत दाटीने राहणाऱ्या गिरणी कामगाराला जवळ माळच नव्हता. या एका रोगात मोकळी जागा खरोखर कामी आली, कारण रोग घरात होता आणि घर सोडता येत होते.

१९१८ च्या इन्फ्लुएन्झाने, म्हणजे मानमोडीने, हा आधारही काढून घेतला. माणसाच्या श्वासातून पसरणाऱ्या रोगापासून घर सोडून सुटका होत नाही. ७ नोव्हेंबर १९१८ रोजी न्यूझीलंडमधील ऑकलंडहून आलेले 'तलून' हे जहाज प्रशांत महासागरातील पश्चिम सामोआ बेटांच्या एपिया बंदराला लागले आणि आजारी प्रवाशांना उतरू दिले गेले. पुढच्या काही आठवड्यांत तेथील लोकसंख्येच्या सुमारे पाचव्या हिश्श्याइतकी माणसे मरण पावली. समुद्रापलीकडे जवळच असलेल्या अमेरिकन सामोआत मात्र राज्यपाल जॉन पॉयर यांनी बाहेरून येणाऱ्यांवर कडक विलगीकरण लादले आणि तेथे या साथीने एकही मृत्यू झाला नाही. दोन्ही बेटे सारखीच दूर होती. दूर असल्याने जो अवधी मिळाला, तो एकाने वापरला आणि दुसऱ्याने वाया घालवला.

अलास्कातील ब्रेव्हिग मिशन या वस्तीत त्याच नोव्हेंबरमध्ये सुमारे ८० प्रौढांपैकी ७२ जण काही दिवसांत दगावले. इतकी हानी फक्त विषाणूने झाली असे मला वाटत नाही. लहान वस्तीत सगळी घरे एकाच वेळी अंथरुणाला खिळली की पाणी देणारा, चूल पेटवणारा, अंगावर पांघरूण घालणारा कोणी उरत नाही, आणि साध्या शुश्रूषेने जगली असती अशी माणसेही जातात. शहरात मरणारे आकड्याने अधिक असतात. पण एखाद्या घरात आजार नाही, एखाद्या दवाखान्यात परिचारिका आहे, अशी शक्यता तिथे शिल्लक असते. यासाठीच साथीत औषधाइतकेच शुश्रूषेकडे लक्ष द्यावे, असे मी तुला कळकळीने सांगते.

कोविडबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण तो काळ तू स्वतः पाहिला आहेस. २०२० च्या वसंतात न्यूयॉर्कसारखी महानगरे आधी होरपळली. त्या वर्षाच्या अखेरीस अमेरिकेच्या ग्रामीण भागातील मृत्युदर शहरांच्या पुढे गेला. भारतात मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा शहरांनी मजुरांना सांभाळले नाही आणि ते पायी गावांकडे निघाले. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये दुसरी लाट गावांत शिरली तेव्हा प्राणवायू आणि अतिदक्षता विभाग मात्र शहरांतच होते. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयोगटासाठी लस खुली झाली, पण त्यासाठी आधी इंटरनेटवर नोंदणी सक्तीची होती, आणि ज्याच्याकडे स्मार्टफोन किंवा इंटरनेट नव्हते तो रांगेत उभाच राहू शकला नाही. शंभर वर्षांत विज्ञान अपार पुढे गेले, याचा मला मनापासून आनंद आहे; ते कोणाच्या दारापर्यंत आधी जाते, यात मात्र फारसा फरक पडलेला नाही.

"खेडी वाचतात" हा समज इतका टिकाऊ का, याचे कारण मला मृत्यूंच्या मोजणीत दिसते. १९१८ साली भारतात गावोगावी मृत्यूची नोंद ठेवणारे गावकामगार स्वतःच आजारी पडले आणि नोंदी खुंटल्या. बळींचे अंदाज आजही सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत बदलतात, आणि हानीचा आवाका लोकांना कळला तो १९२१ च्या जनगणनेत, जेव्हा आजच्या भारताच्या भूभागातील लोकसंख्या १९११ पेक्षा कमी भरली. आपल्या काळातही हेच घडले. २०२० व २०२१ या दोन वर्षांत जगभर कोविडचे सुमारे ५४ लाख मृत्यू नोंदले गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार या काळातील अतिरिक्त मृत्यू, म्हणजे एरवी अपेक्षित असलेल्यांहून अधिक झालेले मृत्यू, सुमारे १ कोटी ४९ लाख होते. भारताच्या वाट्याचा अंदाज सरकारने मान्य केला नाही, हेही तू लक्षात घ्यावेस. चाचणी न होता घरातच गेलेला माणूस साथीच्या आकड्यात येत नाही, आणि असे मरण दवाखान्यापासून दूर राहणाऱ्याच्या वाट्याला अधिक येते.

म्हणून तुझ्या अभ्यासात जेव्हा एखाद्या ग्रामीण भागाचा मृत्युदर कमी दिसेल, तेव्हा तो आकडा लिहून घेण्यापूर्वी तेथे नोंद कोण करत होते, ती व्यक्ती साथीच्या काळात कामावर होती का आणि त्याच महिन्यांत आदल्या वर्षी किती मृत्यू झाले होते, एवढे पाहा. तुझ्या मार्गदर्शकांना हे सुचवशील तेव्हा त्यांचे काय मत पडते, ते मला अवश्य कळव.

तुझी,
आई