अख्खं नाव

चि. सिद्धराम,
अनेक आशीर्वाद.

हे नाव 13 वर्षांत मी फक्त शाळेच्या फॉर्मवर लिहिलं. घरातल्या कागदावर आज पहिल्यांदाच लिहितेय.

गड्ड्याच्या जत्रेतली, सोलापूरच्या होम मैदानावरची ती संध्याकाळ डोक्यातून जात नाही. मोठ्या पाळण्यापाशी तू वर्गातल्या पोरांबरोबर होतास. गर्दीत दिसेनास म्हणून मी बेंबीच्या देठापासून ओरडले, "ए गड्ड्या!" गड्ड्यात गड्ड्या सापडला म्हणून पोरं किती वेळ हसत होती. येताना तू काही खाल्लं नाहीस. रात्री अर्धी भाकरी ताटात ठेवून म्हणालास, "आई, मला त्या नावानं हाक मारत जाऊ नको." आणि मी हसले. "लाडानं म्हणते रे," म्हणाले. तू भिंतीकडे तोंड करून झोपलास.

ते हसू मला परत घ्यायचंय, म्हणून हे पत्र.

तू झालास त्या दिवशी गड्ड्याच्या यात्रेतला अक्षता सोहळा होता. सातही नंदीध्वज, मानाच्या त्या उंच काठ्या, अक्षतांच्या जागी संमती कट्ट्याकडे निघालेले, खिडकीतून हलग्या ऐकू येत होत्या. अज्जांनी त्या वर्षी काठी दुसऱ्याच्या हाती दिली आणि अंगावरच्या बाराबंदीनिशी तडक दवाखाना गाठला. तुला पाहून म्हणाले, "गड्ड्या आला!" सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत आलेलं बाळ, म्हणून आत्यानं कानात सिद्धराम सांगितलं. पण तुझ्या बाबांना छोटं, नव्या धाटणीचं नाव हवं होतं. जन्मदाखल्यावर बाळाचं नाव वर्षाच्या आत फुकट घालता येतं, त्यानंतर 15 वर्षांपर्यंत उशिराचं शुल्क भरून. त्या सवलतीच्या जोरावर आमचा वाद दहा महिने चालला. तो रकाना कोरा होता तोवर तू नुसता गड्ड्या होतास, आणि तेच जिभेवर बसलं.

तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही. लग्नात तुझ्या बाबांनी ताटातल्या तांदळावर अंगठीनं माझं नाव लिहिलं. काय लिहिलंय ते मी वाकून वाचलं, तेव्हा मला कळलं. माहेरी मी शैला. रेशनकार्डापासून बँकेच्या पासबुकापर्यंत मग सगळीकडे वैशाली झाले. नाव वाईट नाही. पण विचारलं कुणी नाही. तुझी आज्जी फोनवर अजून "शैले" म्हणते, तेव्हा स्वयंपाकघरात उभ्या उभ्या माझे डोळे भरतात. हे सगळं सोसलेली मी, तुझं म्हणणं ऐकून हसावं मी?

तुझ्या जन्माआधी, 2011 साली, सातारा जिल्ह्यात नकोशी नावाच्या दोनशेहून जास्त मुलींनी जिल्हा परिषदेच्या कार्यक्रमात नवी नावं घेतली. मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून त्यांना ते नाव पडलं होतं. ती बातमी वाचून मी रडले होते. तुझं नाव तसलं नव्हतं, लाडाचंच होतं. पण लाडाचं आहे हेही मीच ठरवलं होतं.

परवा विचारलं, मग काय म्हणू? सिद्धू? राम? तू म्हणालास, "सिद्धराम. अख्खं." आणि जरा थांबून, "अज्जांनी गड्ड्या म्हटलं तर चालेल. ते हळू म्हणतात."

हे मला लागलं, तुझ्यापासून कशाला लपवू. दिवसभर भाकऱ्या थापताना तेच मनात होतं. पण कुणी काय म्हणायचं हेही तूच ठरवायचं. शेजारच्या काकूंना, आत्याला, तुझ्या बाबांना मी सांगितलंय. बाबांना दोनदा सांगावं लागलं.

इतक्या वर्षांची सवय आहे, माझी जीभ घसरणार. घसरली तर ओ देऊ नको. मी पुन्हा हाक मारीन.

तुझी,
आई