संध्याकाळचे काम सोडले, त्याबद्दल

तीर्थरूप बाबा आणि आई यांस साष्टांग नमस्कार.

परवा फोनवरच सांगणार होते, परंतु आईने मध्येच जेवणाचे विचारले आणि विषय राहून गेला. त्या व्यापाऱ्याच्या हिशेबवह्यांचे संध्याकाळचे जे जास्तीचे काम मी करीत होते, ते या महिन्यापासून सोडले आहे. तुम्हांला आधी विचारले नाही, याचे वाईट वाटून घेऊ नका. विचारले असते तर आई "तुझ्या मनानं कर" म्हणाली असती आणि बाबा रात्रभर आकडेमोड करीत जागले असते. घरी येणारी रक्कम एका रुपयानेही कमी होणार नाही. ते काम मोटरपंपाच्या कर्जापुरते धरले होते आणि ते कर्ज उन्हाळ्यातच फिटले. खोलीचे भाडे वाढलेले नाही, डबा चांगला आहे, आईने दिलेले तिखट संक्रांतीपर्यंत पुरेल आणि आता मी रात्री दहाला झोपते.

ऑफिसातही एक लहानसा बदल केला आहे. जीएसटीची विवरणपत्रे दर महिन्याच्या ११ आणि २० तारखेपर्यंत भरावी लागतात. बिले खोक्यात साठत जायची आणि शेवटच्या दोन रात्री सगळे जण डोळे ताणून बसायचे. हल्ली मी जेवणाच्या सुट्टीआधीचा अर्धा तास, फोन खणात ठेवून, फक्त त्या दिवसाच्या बिलांना देते. न जुळणारे बिल त्यामुळे त्याच दिवशी हाती लागते, समोरच्याला लगेच फोन करता येतो, आणि २० तारखेलाही मी वेळेवर घरी येते. साहेबांना यात काही विशेष दिसले नाही, ते एका अर्थी बरेच झाले.

ही शिस्त मी शिकले कुठे, ते बाबांना ठाऊक आहे. वेचणीच्या दिवसांत धुऱ्यावर काटा टांगून, प्रत्येक बाईचे गाठोडे मोजून, तुम्ही तिच्या नावापुढे त्याच संध्याकाळी किलो लिहीत होता. अंधार पडला तर टॉर्च माझ्या हाती देत होता, पण उद्यावर टाकत नव्हता. माझा हात हलला की "उजेड वहीवर धर, बाई" एवढेच म्हणायचे. घरी आल्यावर मी माजघरातल्या कापसाच्या गंजीवर झोपून जायची आणि सकाळी आई माझ्या केसांतून कापूस वेचीत बसायची. आई, तो वेचा तुझ्या वाट्याचा, बिनमजुरीचा!

बाबा, असा रोजचे रोज लिहिणारा माणूस रक्तदाबाची गोळी मात्र "आज बरं वाटते" म्हणून टाळतो, हे मला पटत नाही. वाढलेला रक्तदाब बहुधा जाणवतच नाही, आणि मोठ्या बाबांच्या वेळी आपण ते पाहिले आहे. मी रागावलेली नाही, पण गेल्या पोळ्यासारखे पुन्हा व्हायला नको. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागल्याचे दिसले, आणि एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही. त्यातल्या लोकांनी नवी गोष्ट रोजच्या एखाद्या ठरलेल्या कामाला जोडून घेतली होती. तुम्ही सकाळी देवाजवळ दिवा लावल्याशिवाय चहा घेत नाही. तेव्हा गोळ्यांची डबी देवघराच्या फळीवर ठेवा आणि दिवा लावला की गोळी घ्या. एखादा दिवस राहिलीच तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका, आणि आकडा चांगला आला म्हणून डॉक्टरांना न विचारता बंदही करू नका.

वावरातून आल्या आल्या यंत्र लावायचे नाही. खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, पाच मिनिटे न बोलता बसायचे, हात छातीच्या उंचीवर टेकवायचा आणि आलेला आकडा वेचणीच्या वहीच्या मागच्या पानांवर तारखेसह लिहायचा. आई, त्या पाच मिनिटांत तू त्यांना काही विचारू नकोस.

जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे असे सांगते, म्हणजे सगळे मिळून चहाचा एक सपाट चमचासुद्धा नाही. ठेचा बंद कर असे मी म्हणणार नाही, कारण मग ते भाकरीलाच हात लावणार नाहीत. परंतु ताटात वेगळे मीठ वाढू नकोस आणि लोणचे व पापड एकाच जेवणात नकोत. तू स्वतः दुपारी वेळेवर जेवत जा, सगळ्यांचे झाल्यावर उरलेले नव्हे.

संध्याकाळ मोकळी झाल्यामुळे आता एक शनिवार सोडून मला घरी येता येईल. खरे सांगायचे तर काम सोडण्याचे अर्धे कारण हेच आहे. येत्या शनिवारी ऑफिस सुटल्यावर निघते. बाबा, आर्वीच्या स्टँडवर घ्यायला येऊ नका, रात्रीची गाडी चालवायची नाही. मी ऑटोने येईन. जेवणासाठी खोळंबू नका, माझी भाकर झाकून ठेवा आणि वही बाहेर काढून ठेवा, मी आल्याबरोबर पाहणार आहे.

तुमची,
बाई