सुमे, भांडण तूच जिंकलीस

सुमे,

दिवाळीपासून तुझे तीन फोन उचलले नाहीत. शिव्या नंतर घाल. तब्येत बरी, शुगर जिथल्या तिथे.

गेल्या सोमवारी नाइटला एक पोरगी बाळंत झाली. वीस वर्षांची, लग्न नाही, सोबत फक्त मावशी. मुलगी झाली, दोन किलो सहाशे. मावशीनं मला कोपऱ्यात गाठलं, ‘सिस्टर, पहाटे देवळाच्या पायरीवर ठेवलं तर?’ तिथंच झापलं. टाकून दिलं तर न्याय संहितेचं कलम ९३, सात वर्षांपर्यंत कैद. बालकल्याण समितीपुढे रीतसर सोपवलं तर गुन्हा नाही, नाव गुप्त, आणि साठ दिवसांत मन बदललं तर बाळ परत मागता येतं. इतकं घडाघडा बोलले की तोंडी परीक्षेत दहापैकी दहा पडले असते. (तुला आठ. तू मधेच रडायचीस.)

घोळ पुढेच झाला. तिसऱ्या दिवशी तिला पान्हा फुटला. गाऊन चिंब. हळूच म्हणाली, ‘समितीपुढे नेईपर्यंत पाजू का?’

आणि मी म्हणाले, ‘कशाला? जीव अडकेल.’ बाळाला वाटी-चमच्यानं पावडरचं दूध, तिला दूध आटायची गोळी.

हॉस्टेलवर असताना बाथरूममध्ये सापडलेल्या त्या बाळावरून आपण आठवडाभर बोललो नव्हतो. मी म्हणाले होते, असल्या आईला फासावर द्या. तू लगेच सुरतेकडची विजयालक्ष्मी काढलीस, १८८१ची, पोटचं बाळ मारलं म्हणून त्या विधवेला फाशी सुनावली, तेव्हा ‘स्त्रीपुरुष तुलना’वाल्या ताराबाई शिंदे कशा पेटल्या ते. शिवाय टाकलेल्या बाळांना सांभाळणारा तुमच्या पंढरपूरचा बालकाश्रम १८७५पासूनचा, हे शंभरदा. जणू तुझ्या आजोबांनीच बांधला! पण तुझं एकच म्हणणं होतं, त्या बाईला आधी कुणी काही विचारलं का?

इथं तर तिनंच विचारलं गं. नाही म्हणणारी मी. सही होईपर्यंत बाळ तिचंच होतं, मला कुठल्या कलमानं अडवायचा हक्क दिला? बाळाच्या बापाचं तर मावशीनं नावही काढलं नाही. मीही विचारलं नाही.

काल सह्या झाल्या. ओढणी छातीला आवळून एसटीत बसली.

तुझ्या ह्यांचा गुडघा कसा आहे? ओमची बारावी? घराचे हप्ते फिटले की नाही, कळव.

मावशीचा नंबर आहे माझ्याकडे. दिवस आहेत अजून. करू का फोन, की तेही परत माझंच शहाणपण?

रविवारी करते तुला. तू तरी उचल.

तुझी,
मंदी